अर्ध्या स्लॅबवर दिलेलं वचन

समस्त वऱ्हाडवासीयांस, आणि त्यांतही ज्यांच्या घराचा स्लॅब अजून टाकायचा आहे अशा भाग्यवंतांस, अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, अमरावतीच्या एका विधी महाविद्यालयात बावीस वर्षं करार कायदा शिकवणारी एक विदुषी तिच्या सर्वांत आवडत्या प्रकरणात नापास झालेली आहे. ना कोर्ट, ना वकील, ना फी. निम्मा निकाल तिच्याच वर्गात लागला आणि निम्मा अकोल्याच्या एका चौकात, सकाळी सात वाजता, चहाच्या टपरीसमोर. विदुषी म्हणजे अस्मादिक. अपिलाला जागा उरलेली नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी ते आवडतं प्रकरण सांगते. दर वर्षी मी ते शिकवत नाही, त्याचा प्रयोग लावते. स्टाफरूमपासून दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत माझी पुस्तकांची पिशवी न्यायची, मोबदला एक चहा, असा करार मी एखाद्या विद्यार्थ्याशी सर्वांदेखत करते. त्याला आधीच पढवलेलं असतं. जिन्याच्या मधल्या वळणावर तो पिशवी खाली ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, एक समोसापण लागेल. नाहीतर मी चाललो." मी कपाळावर हात मारते, घड्याळ बघते, कठड्याला टेकते (हे टेकणं मी वर्षानुवर्षं सुधारत आणलं आहे) आणि म्हणते, "बरं बाबा, समोसा!" पिशवी वर्गात पोचते. मग मी व्यासपीठावर उभी राहून फक्त चहाचे पैसे काढते. पोरगा म्हणतो, "समोसा?" मी म्हणते, "कशाचा समोसा? पिशवी वर आणायला तू आधीच बांधील होतास. समोशासाठी तू नवीन काय केलंस?"

वर्ग हसतो. मी थांबते. मग खालच्या पट्टीत सांगते, की जे करायला माणूस आधीच बांधलेला आहे, तेच करण्यासाठी त्याला जास्तीचं काही कबूल केलं, तर त्या कबुलीला कायद्यात आधार नाही. वचनाच्या बदल्यात समोरून काहीतरी नवीन आलं पाहिजे. त्याला पुस्तकी मराठीत प्रतिफल म्हणतात. प्रतिफल नाही तर वचन म्हणजे नुसती तोंडाची वाफ. याला माझे विद्यार्थी 'समोसा लेक्चर' म्हणतात. शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा दारात उभी राहून ऐकतात. बावीस वर्षांत 'पण मॅडम, द्यायचाच नव्हता तर हो कशाला म्हणालात?' असं एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी फार सुंदर हसून तो प्रश्न टोलवला असता.

आता स्लॅबकडे येते. मी अमरावतीला नोकरी करते, नवरा अकोल्याला. शनिवार-रविवार अप-डाऊन करून आम्ही संसार केला, कदाचित म्हणूनच तो टिकला. अकोल्याच्या आमच्या एक मजली घरावर माझ्या पुस्तकांसाठी एक मोठी खोली आणि पुढं गच्ची काढायची, हे माझं जुनं स्वप्न. गेल्या एप्रिलच्या शेवटी भिंती उभ्या राहिल्या, सळ्या बांधून झाल्या, आणि रविवारी स्लॅब टाकायचं ठरलं. स्लॅब टाकणारी टोळी वेगळी असते. मिक्सर मशीन, माल वर चढवायची लिफ्ट आणि चौदा माणसं घेऊन एक मुकादमीण येणार होती. माझ्याच वयाची असेल, आवाज मात्र माझ्यापेक्षा चांगला. मी फोनवरच बोलणी केली आणि व्यावसायिक सवयीनं एकेक अट वदवून घेतली. अमुक रक्कम एकठोक. मशीन तिची, माणसं तिची. सकाळी सहाला सुरुवात, म्हणजे ऊन चढायच्या आत बारापर्यंत काम आटोपेल. आणि काहीही झालं तरी स्लॅब एकाच दिवसात, मध्ये न थांबता पूर्ण. इंजिनिअरनं मला बजावून ठेवलं होतं, की अर्धा स्लॅब टाकून थांबलात तर जुन्या आणि नव्या मालाचा सांधा राहतो, आणि त्या सांध्यातून पावसाळ्यात पाणी नेमकं पुस्तकांवर येतं.

या सगळ्या अटींनंतर मी एक शेवटची अट घातली, आणि तीच मला नडली. "पहिलं घमेलं मी टाकणार. मी आल्याशिवाय सुरू करायचं नाही."

घरधन्यानं नारळ फोडून पहिलं घमेलं टाकायचं, ही रीतच आहे. त्यात काही वावगं नाही. वावगं होतं ते माझं कपाट. पहाटे चारला अमरावतीहून निघायचं ठरवून मी तीनला उठले. पहिली साडी नेसल्यावर लक्षात आलं, की सिमेंटच्या करड्या पार्श्वभूमीवर हा रंग फोटोत मरणार. दुसरीचा पदर नीट बसेना. तिसरी उत्तम होती, पण तिचा ब्लाउज घट्ट झाला होता, आणि तो घट्ट झालेला नाही हे सिद्ध करण्यात मी अर्धा तास घालवला. शेवटी पहिलीच साडी नेसून सहाला गाडीत बसले. मूर्तिजापूरला ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली तेव्हा मीही उतरले, कारण चहा न घेता नारळ फोडणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

साडेआठला घरासमोर उतरले. चौदा माणसं भिंतीच्या कडेला उरलेली सावली वाटून घेऊन बसली होती. नवरा गेटपाशी उभा राहून कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हता. मुकादमीण डोक्याला टॉवेल गुंडाळत उठली.

"या मॅडम, या. सूर्य तुमच्या पयले येऊन बसला."

मी मनापासून हसले. विनोदाला मी नेहमी दाद देते. मग नारळ, हळदकुंकू, घमेलं, आणि फोटो. पहिला फोटो हलला म्हणून दुसरं पहिलं घमेलं टाकलं. गिट्टी-वाळूचा तो गोळा सळ्यांवर पडला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, आणि नवऱ्यानं बरोबर त्याच क्षणी बटण दाबलं. फोटो तिथल्या तिथं मोबाइलच्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'माझ्या पुस्तकांचं छप्पर.' वेळ पावणेनऊ. ही वेळ वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ती विसरले होते.

मशीन सुरू झाली. मी खाली पंख्याखाली बसून आलेल्या प्रतिक्रियांना नमस्कार पाठवत होते. एकच्या सुमारास मशीनचा आवाज थांबला. एप्रिलच्या अकोल्यात भर दुपारी अशी शांतता पसरली, की मी छत्री घेऊन शिडी चढले. छत्री कशाला, ते विचारू नका. वर निम्मा स्लॅब ओला, निम्म्या उघड्या सळ्या, आणि पाण्याच्या ड्रमभोवती माझी चौदा माणसं डोक्यावर ओली फडकी टाकून उभी.

"काय झालं? मशीन बिघडली का?"

"मशीन चांगली हाय," मुकादमीण म्हणाली. "मानसं बिघडून राहिली."

"म्हणजे?"

"सळीले हात लावून पाहा. नका लावू, फोड येईन. चपला चिकटून राहिल्या मॅडम, दोघांले भोवळ आली. मानशी दोनशे रुपये जास्तीचे द्या, त पुढचं घमेलं उचलतो. नाही त आमी सावलीत जातो. पाचनंतर ऊन उतरलं का येतो."

"पण ठरलं होतं ना? न थांबता पूर्ण करायचं?"

"ठरलं होतं," ती म्हणाली. आणि तिनं आणखी एक वाक्य उच्चारलं. ते मी इथं मुद्दाम गाळते आहे, कारण त्या वेळीही मी ते कानाबाहेर टाकलं. माझ्या डोक्यात तेव्हा घंटा वाजत होत्या. जिना! मधलं वळण! समोसा! बावीस वर्षं मी जे नाटक करत आले, ते नियतीनं माझ्याच गच्चीवर, खऱ्या गिट्टीसह, फुकट उभं केलं होतं. पाचपर्यंत थांबलो तर सांधा पडतो, म्हणजे माझी अडचण खरी. काम तेच, आधीच ठरलेलं. मागणी मात्र जास्तीची. इतकं शुद्ध उदाहरण पुस्तकातसुद्धा नाही. चेहरा गंभीर ठेवताना माझी इतकी तारांबळ उडाली, की पाहणाऱ्याला वाटावं, बाई पैशांच्या विचारानं कळवळली.

मी छत्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, उजवा वर केला आणि भरदार आवाजात म्हणाले, "देते! माणशी दोनशे. दिला शब्द!"

मुकादमिणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वळून ओरडली, "चला रे! मॅडमनं दोनशे कबूल केले. ज्याले भरोसा नसन त्यानं माह्या जबानीवर उठा!"

ते उठले. चारला शेवटचं घमेलं पडलं. स्लॅब असा सपाट, की इंजिनिअरनंसुद्धा फोटो मागवला. आणि मी काही कंजूष नाही, हे नमूद व्हावं. रीतीप्रमाणे सगळ्यांना आलू-वांग्याची भाजी, पोळी आणि जिलबी पोटभर वाढली. त्यानंतर विटांच्या ढिगाजवळ उभी राहून मुकादमिणीच्या हातात ठरलेली एकठोक रक्कम ठेवली. तिनं नोटा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि जागेवरच थांबली.

"हे ठरलेले झाले. वरचे?"

तेव्हा मी समोसा लेक्चर दिलं. संपूर्ण दिलं. पिशवी आणि समोसा काढून टाकले, घमेलं आणि दोनशे रुपये घातले, बाकी संहिता तीच. प्रतिफल या शब्दावर थांबायचं तिथं थांबले. कोणी हसलं नाही, पण नवीन प्रेक्षक, चालायचंच. जिलबीचे हात धुवत सगळे ऐकत होते. माझा नवरा पाण्याचा पाइप हातात धरून हळूहळू घरामागं सरकत गेला.

मुकादमिणीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमी हो म्हनलं," ती शांतपणे म्हणाली, "तवाच तुमाले मालूम होतं का द्यायचे नाहीत?"

आणि मी, परमेश्वरा, मी अभिमानानं म्हणाले, "अर्थात!"

तिनं नोटा दुमडून कमरेला खोचल्या आणि माणसांना मशीन गाडीला जोडायला सांगितलं. भांडली नाही. भांडली असती तर मी तिला आणखी दोन कलमं ऐकवली असती. कलमं तयारच होती.

सोमवारी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो स्लॅबवर पाणी मारत होता, आवाज ऐकू येत होता.

"ती मुकादमीण आली होती. दोन फळ्या राहिल्या होत्या तिच्या."

"काही बोलली?"

"नाही. मीच विचारलं. चौदा जणांना दोनशे-दोनशे तिनंच दिले म्हणे. तिच्या वाट्याचं जे काही उरणार होतं, ते गेलं."

"तिनं का दिले?"

"तिच्या शब्दावर उठले होते न ते. नाही दिले तर पुढच्या स्लॅबले कोण येईन तिच्यासंग?" नवरा फोनवर निवांत असला की वऱ्हाडीत बोलतो.

"तो तिचा आणि त्यांचा स्वतंत्र करार झाला," मी म्हणाले.

"मी पाणी मारतो," म्हणून नवऱ्यानं फोन ठेवला.

मंगळवारी परीक्षेआधीचा उजळणीचा तास होता. रात्रभर अंग खाजत होतं, ते मी सिमेंटवर ढकललं. वर्गात गेले आणि जाहीर केलं, की यंदा पिशवी नाही, समोसा नाही, यंदा प्रत्यक्ष घडलेलं उदाहरण. मग मी तो प्रसंग असा रंगवला, की स्वतःच थक्क झाले. पहिल्या घमेल्याची माझी अट, ऊन, छत्री, अर्धा स्लॅब, वर गेलेला हात. मुकादमिणीचा आवाजही काढला. वर्ग जिंकला होता. मी फळ्यावर 'प्रतिफल कुठे आहे?' असं लिहिलं, खडू झटकला, आणि तिसऱ्या बाकावरून हात वर आला. ही मुलगी चांदूर बाजारहून रोज एसटीनं येते, कधी बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आजवर ढ समजत आले आहे.

"मॅडम, एक-दोन प्रश्न विचारू का?"

"अवश्य! उलटतपासणी घे माझी!" असं मीच म्हणाले. पन्नास साक्षीदार आहेत.

"काम किती वाजता सुरू करायचं ठरलं होतं?"

"सहाला."

"कशासाठी सहाला?"

"ऊन चढायच्या आत, बारापर्यंत संपावं म्हणून."

"सुरू किती वाजता झालं?"

मी खडूकडे पाहिलं. "साधारण... सकाळीच."

"मॅडम, मी तुमचं स्टेटस पाहिलं होतं. पहिल्या घमेल्याचा फोटो. पावणेनऊचा होता."

मागच्या बाकावर कोणीतरी स्क्रीनशॉट शोधायला मोबाइल काढल्याचं मला स्पष्ट दिसलं. पुरावा मीच तयार करून, मीच सगळीकडे पाठवून ठेवला होता.

"उशीर टोळीमुळे झाला का?"

"नाही."

"मग?"

बावीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की साक्षीदारानं उत्तर टाळलं की समजायचं, खटला तिथंच आहे. मी टाळायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "साडीमुळे."

वर्ग हसला नाही, कोसळला. ती मुलगी मात्र हसली नाही. ती उभीच होती. हाताची बोटं एकमेकांत अडकवून, तिनं अगदी माझ्याच लयीत, थांबायचं तिथं थांबत सांगितलं, की सहा ते बारा काम करायला ती माणसं बांधील होती. भर उन्हात चारपर्यंत काम करायला नव्हती. वेळ तुम्ही मोडलीत. तुम्ही आल्याशिवाय सुरू करायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं. दुपारी एक वाजता त्यांना निघून जायचा हक्क होता, आणि ते थांबले. ते थांबणं ही नवीन गोष्ट. म्हणजे मॅडम, प्रतिफल आहे. दोनशे रुपये लागू होतात.

आता ते गाळलेलं वाक्य सांगते. अर्ध्या स्लॅबवर मुकादमीण म्हणाली होती, "ठरलं होतं. सहाले चालू करायचं बी ठरलं होतं."

म्हणजे चांदूर बाजारच्या मुलीनं मंगळवारी मांडलेला सगळा युक्तिवाद मुकादमिणीनं रविवारीच, सळ्यांवर उभं राहून, एका ओळीत मांडला होता. आणि मी तेव्हा छत्री कोणत्या हातात शोभेल याचा विचार करत होते. मी फळ्यावरचं 'कुठे' आणि प्रश्नचिन्ह पुसलं. 'प्रतिफल आहे' एवढंच उरलं. मुलीला म्हणाले, "बस. पैकीच्या पैकी." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण व्यासपीठावर एकटीनं हात मोकळे ठेवून उभं राहणं बरं दिसत नव्हतं.

शनिवारी पहाटे निघाले. कोणती साडी नेसली ते सांगणार नाही, पण एकच नेसली आणि वेळेवर पोचले. अकोल्यात आमच्या घरापासून थोड्या अंतरावर मजुरांचा ठिय्या आहे. सकाळी माणसं तिथं डबे घेऊन उभी राहतात आणि ज्याला काम करवून घ्यायचं असतं तो येऊन घेऊन जातो. मुकादमीण चहाच्या टपरीपाशी होती. तिच्या टोळीतले सात-आठ जण आजूबाजूला होते, दोघांच्या हातांवर फोड वाळलेले दिसत होते. मला पाहून तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला, पण उठली नाही.

गुपचूप पाकीट देऊन निघून यायचं, असं मी रस्ताभर ठरवत आले होते. नवऱ्यानंही तेच सुचवलं होतं. "दे आन ये. भाषण नको देऊ." पण समोर सात-आठ माणसं, शिवाय टपरीवाला, शिवाय वर्दळीचा चौक. माझा स्वभाव मला माहीत आहे.

"बाई," मी सुरुवात केली, "चौदा माणसं, माणशी दोनशे. हे अठ्ठावीसशे. तुम्ही पदरचे दिले, ते मला कळलं. त्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं, ते चूक होतं."

आजूबाजूची माणसं जवळ आली. इथं थांबले असते तर ही गोष्ट किती चांगली झाली असती!

"चूक अशी," मी पुढं सरसावले, "की काम सहाला सुरू व्हायचं होतं. ते पावणेनऊला सुरू झालं, आणि तो उशीर माझ्यामुळे, माझ्या साडीमुळे झाला. त्यामुळे दुपारच्या उन्हात काम करायला तुम्ही बांधील नव्हता. तरीही केलंत. म्हणजे तुम्ही मला नवीन काहीतरी दिलंत. त्याला प्रतिफल म्हणतात. प्रतिफल आलं की वचन पक्कं होतं. म्हणून, केवळ म्हणूनच, कायद्याप्रमाणे हे पैसे तुमचे आहेत, आणि ते द्यायला मी बांधील आहे!"

हात वर गेला होता. मी तो थोडा वेळ तसाच ठेवला. टपरीवाल्यानं चहा गाळायचं थांबवलं होतं. टाळ्या येतील असं मला खरोखर वाटलं.

मुकादमिणीनं पाकीट घेतलं. उघडलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे, मग वर गेलेल्या हाताकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली, जणू काहीतरी तिला आत्ता कुठं उमगत होतं. आणि सगळ्या ठिय्याला ऐकू जाईल अशा त्या आवाजात ती म्हणाली:

"म्हंजे मॅडम, त्या दिवशी तुमी येळेवर आल्या असत्या, त आमचे पैसे बुडवलेच असते न?"